बुडातली वानगी

आमच्या घरात जे जे गोल आणि चकचकीत, ते सगळं सीडी. डीव्हीडी हा शब्द नागपूरच्या इतवारी पेठेत आला, दुकानांच्या पाट्यांवर चढला, पण तोंडात काही बसला नाही. ताईच्या लग्नाची सीडी, बाबांच्या साठीची सीडी, मारबतीची सीडी. सगळ्या मिळून ३१. बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत, आईच्या लोखंडी कपाटात, नऊवारींच्या खाली. इतकी वर्षं कोणी मोजल्याही नव्हत्या. गेल्या दिवाळीत पुण्याहून भाची आली. तिला बारावीच्या निरोपसमारंभाला तिच्या आईचा, म्हणजे ताईचा, शालू नेसायचा होता आणि ताईनं तो लग्नात कसा नेसला होता ते बघायचं होतं. एवढ्याशा कारणावरून डबे निघाले.

प्लेअर मेलेला होता. बटण दाबलं की आतून घशात काही अडकल्यासारखा आवाज येई, तबक काही बाहेर येत नसे. लॅपटॉप भाचीनं उलटापालटा करून पाहिला आणि ‘मामा, ह्याला भोकच नाहीये’ असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवर जाऊन यूएसबीला लागणारा ड्राइव्ह आणला. दुकानदार खोक्यावरची धूळ झटकत म्हणाला, ‘भाऊ, हे आता दोनच जण नेतात. एक कोर्टवाले, अन् दुसरे लग्नवाले.’

सीडी लागली. शालू दिसला. भाचीनं मोबाइलवर पडद्याचाच फोटो काढला आणि ती फराळाकडे गेली. तिचं काम पाच मिनिटांत झालं. मी मात्र त्या डब्यांपाशी बसून राहिलो. घरी लिहिलेल्या सीडीची खालची बाजू जांभळट असते. तो रंगाचा पातळ थर असतो आणि लेसरनं त्यातच खुणा उमटवलेल्या असतात. बाजारातल्या सिनेमाची डीव्हीडी कारखान्यात ठसा मारून निघते, हिचं तसं नाही. ऊन, ओल आणि काळ, तिघं मिळून हा रंग उतरवत जातात. २००७ साली ताईचं लग्न झालं. म्हणजे त्या लोखंडी कपाटानं नागपूरचे अठरा मे महिने काढले होते. ठरवलं, हे सगळं फायलींत उतरवून घ्यायचं.

कशानं, हा प्रश्न त्या वेळी किरकोळ वाटला होता.

‘फुकट’ म्हणून मिळालेल्या पहिल्या सॉफ्टवेअरनं ताईच्या कपाळावर, बरोबर कुंकवाच्या जागी, आपलं नाव लिहिलं. पैसे भरा, मग पुसू. दुसरं त्याहून सभ्य. त्यानं नाव लिहिलं नाही, फक्त सुरुवातीचा भाग उतरवला. गुरुजींनी अंतरपाट धरला आणि फाइल संपली. वर ह्या दुसऱ्यानं सगळं लग्न जाड करून ठेवलं होतं. आपल्याकडच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, पण दाखवताना ते जुन्या टीव्हीच्या चारास तीन मापात बसवायचं, अशी सूचना सोबत असते. ती सूचना न वाचता त्यानं चित्र आजच्या रुंद पडद्याइतकं ताणलं. आई चष्मा लावून बघत होती. ‘मायबाई, ही एवढी जाड बाई कोण होय?’ म्हणाली. ती स्वतःच होती.

मग एका ओळखीच्या मुलानं हँडब्रेकचं नाव सांगितलं. एरिक पेटी नावाच्या फ्रेंच माणसानं २००३ साली हे लिहायला घेतलं, तेही बीओएस नावाच्या, आज कोणाच्या टेबलावर न दिसणाऱ्या यंत्रणेसाठी. पुढे ते हातोहाती गेलं. खरोखरच फुकट, कोड सगळ्यांना उघडा, जाहिरात नाही, कपाळावर नाव नाही. आवृत्तीचा आकडा १.० व्हायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. तेरा वर्षं ‘अजून तयार नाही’ म्हणत जगभरच्या लोकांना माल वापरू देणारा हा व्यापारी मला आवडला. बोधचिन्ह म्हणून अननस आणि शेजारी सरबताचा प्याला. का, ते विचारू नये.

मात्र उतरवून घ्यायचं ते त्यांच्याच मूळ जागेवरून, आणि वजन पडताळून. २०१७ च्या मे महिन्यात त्यांच्या एका सर्व्हरवरची मॅकसाठीची फाइल कोणीतरी बदलली आणि आत चोर बसवला. चार दिवस तो माल खपत होता. फाइलीसोबत एक लांबलचक आकडा दिलेला असतो. आपल्याकडे आलेल्या फाइलीचा तोच आकडा काढून दोन्ही जुळवायचे. ट्रक भरला तिथल्या धरमकाट्याची पावती आणि आपल्या काट्याची पावती शेजारी धरून बघावी, तसं. इतवारीत हे कोणाला शिकवावं लागत नाही.

हँडब्रेक उघडलं आणि पुन्हा अडलो. खिडकी एक, पण तिच्यात टॅब, टिकमार्क, याद्या, सरकपट्ट्या. एमपी४ की एमकेव्ही? एच.२६४ की एच.२६५ की एव्ही१? आरएफ किती? डीइंटरलेस, डीकॉम्ब, डीनॉइज? ओळखीच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, ‘काका, आरएफ बावीस ठेवा, चालून जाते.’ दुसऱ्यानं अठरा सांगितलं. तिसरा म्हणाला की हे सगळं सोडा, एफएफएमपेगची एक ओळ टाईप करा. ओळ त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलीसुद्धा. गुरुजींना वाचायला दिली असती तर त्यांनी ती स्वरात म्हटली असती.

त्या रात्री परखी आठवली.

बाबा अडत्या होते. नेहरू पुतळ्यापासून चार दुकानं आत आमचा ओटा. बाबांनंतर तो चुलतभावांकडे गेला आणि मी लोकांचे हिशेब लिहायला लागलो, पण लहानपण सगळं त्या ओट्यावर, तुरीच्या धुळीत. परखी म्हणजे लोखंडाची टोकदार, पोकळ पन्हळ. पोत्यात खुपसायची, मूठ खाली केली की आतले दाणे पन्हळीतून तळहातावर. माल आणणारा नेहमी पोत्याचं तोंड उघडून वरचे दाणे दाखवी, हात घालून खळखळ वाजवून दाखवी. बाबा तिकडे बघतसुद्धा नसत. हमालाला खूण करत, पोतं आडवं होई, आणि बाबा बुडाशी, शिवणीच्या जवळ, परखी मारत. मग फुंकर. फोल उडून जाई. मग एक दाणा दाताखाली. कट्ट वाजला तर वाळलेला, नुसता दबला तर ओल. हे होईपर्यंत भावाचा शब्द नाही. ‘वरचा माल सगळ्याचाच चांगला असते,’ ते म्हणत. ‘वानगी बुडातून घ्यायची.’

वानगी. हा शब्द आता ‘वानगीदाखल’ एवढ्यापुरता, अग्रलेखांत उरला आहे. आमच्या ओट्यावर ती दिवसातून पन्नास वेळा तळहातावर पडे.

तर ह्या ३१ सीड्यांचं बूड कोणतं? लग्नातली नवरी खुर्चीत बसलेली, मागे थर्माकोलचा मोर, लोक येतात, पाकीट देतात, कॅमेऱ्याकडे बघतात, जातात. हा वरचा माल. कोणतंही सॉफ्टवेअर हे सुबक उतरवतं, त्या कपाळावर लिहिणाऱ्यानंसुद्धा सुबकच उतरवलं होतं. साठीची सीडी तशीच, सत्यनारायण हलत नाही. बूड एकच होतं. मारबतीची सीडी.

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबती निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबू-कागदाच्या प्रचंड बाया. काळीची गोष्ट भोसल्यांच्या बांकाबाईशी जोडलेली, इंग्रजांना सामील झाल्याचा राग म्हणून; पिवळी जागनाथ बुधवारीतून येते. त्यांच्यासोबत बडगे: त्या त्या वर्षीची महागाई, लाचखोरी, खड्डे, पुढारी, जे कोणी डोक्यात गेलं असेल त्याचा पुतळा. रोगराई आणि इडापिडा गावाबाहेर न्या म्हणत सगळं मिरवायचं आणि शेवटी जाळायचं. काळी आणि पिवळी एकमेकींना भेटतात ती इतवारीत, नेहरू पुतळ्याच्या चौकात. म्हणजे आमच्या ओट्यापासून चार दुकानांवर. पुण्यामुंबईत रविवार असतो, आमच्या शहरानं बाजाराचा वार हिंदीतून घेतला आणि पेठेचं नाव इतवारी ठेवलं. पण वर्षातून ह्या एका दिवशी ती बाजार राहत नाही.

१९९६ ची मारबत काकांनी आमच्या गच्चीवरून चित्रित केली, मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं. व्हीएचएस कॅसेट. २००८ साली ती एका दुकानातून सीडीवर करून आणली. चित्र हलतं, कारण काका हलतात. पाऊस आहे, बारीक, तिरपा. गुलाल आहे, आणि पाऊस असूनही तो उडतो आहे. हजारो डोकी. कॅसेटचा स्वतःचा दाणेदार खरखराट आहे आणि चित्राच्या तळाशी एक फाटकी पट्टी सतत फडफडते. आणि अकराव्या मिनिटाला, काका कॅमेरा ओट्याकडे वळवतात तेव्हा, सुमारे चार सेकंद, बाबा दिसतात. पांढरी टोपी. गर्दीकडे तोंड, पाठ दुकानाला. बाबांच्या बाकी सगळ्या चित्रणांत त्यांना कॅमेरा चालू असल्याचं माहीत आहे. ह्यात नाही.

अकराव्या मिनिटापासून दोन मिनिटं. ही माझी वानगी.

हिशेब लिहिणाऱ्याला व्हिडिओ दाबण्याची रीत पटकन कळते, कारण ती खातेवहीचीच रीत आहे. गोदामातला सगळा साठा कोणी रोज नव्यानं लिहीत नाही. एकदा आरंभीची शिल्लक लिहायची, पुढे फक्त आवक आणि जावक. व्हिडिओतही एक फ्रेम पूर्ण लिहितात, मग पुढच्या फ्रेमांत जे बदललं तेवढंच: हा चौकोन दोन घरं उजवीकडे सरकला, तो जरा उजळला. थर्माकोलचा मोर हलत नाही, त्याच्या नावे नोंद नाही. डीव्हीडीचा एमपेग-२ नव्वदच्या दशकातला, तो हे काम जुन्या मुनीमासारखं ऐसपैस करायचा. २००३ सालचा एच.२६४ तेच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवतो. २०१३ चा एच.२६५ आणि २०१८ चा एव्ही१ आणखी काटकसरी. पण आमच्या आईचा टीव्ही पेन ड्राइव्हवरून एच.२६४ चा एमपी४ खातो आणि बाकीच्यांना ‘फाइल चालत नाही’ म्हणतो, तेव्हा तो वाद तिथेच मिटला. सुना कितीही शिकलेल्या असल्या तरी ताट वाढायचं ते घरच्या म्हाताऱ्याला चावेल असं.

आता गुलाल. गुलालाचा प्रत्येक कण नवीन जागी, प्रत्येक क्षणी. म्हणजे प्रत्येक कणाची आवक, प्रत्येक कणाची जावक. तसाच पाऊस. तशीच कॅसेटची खरखर. मुनीमाला एवढ्या नोंदींना जागाच दिली नाही, तर तो काय करतो? मी काय करतो? ‘किरकोळ’ असं एक खातं उघडतो आणि सगळं त्यात ढकलतो.

आरएफचा आकडा म्हणजे किरकोळ खात्यात किती ढकलायचं ह्याची परवानगी. आकडा लहान, तर नोंदी जास्त, फाइल मोठी. जुन्या काळी लोक उलटं करत: फाइल ७०० एमबीची हवी, कारण साध्या सीडीवर मावली पाहिजे, मग दर्जा होईल तो होवो. आता दर्जा ठरवायचा आणि वजन होईल ते होवो. हँडब्रेकवालेच डीव्हीडीच्या मापाच्या चित्राला १८ ते २२ सुचवतात. तरी मी बुडातून सुरुवात केली. मूळ सीडीवर ती दोन मिनिटं सुमारे ८० एमबी होती. २८ वर उतरवली तर १५. मी हरखलो. लावून पाहिलं. काळी मारबत ठीक होती, ती मोठी आणि सावकाश. तिच्या खालची गर्दी म्हणजे कढत आंबील. चौकोन चौकोन, त्यांना तोंडं नाहीत. ओट्यावर पांढरा एक ठिपका, टोपी असावी. बाबा किरकोळ खात्यात गेले होते.

२४ वर टोपीखाली चेहरा आहे असं कळलं. २० वर तो चेहरा बाबांचा झाला. फाइल ४५ एमबी. १८ आणि १६ करून पाहिलं, आकडा फुगत गेला, पण बाबा काही आणखी बाबा झाले नाहीत. नुसती कॅसेटची खरखर अधिक निष्ठेनं लिहिली जात होती. इथे थांबावं.

पण मला खरखर खटकली. हँडब्रेकमध्ये त्यासाठी गाळण्या आहेत, एनएलमीन्स नावाची त्यातली जरा भारी. लावली. ४५ चे १८ एमबी झाले, आणि चित्र असं स्वच्छ, जसं काल काढलं. रात्रीचे साडेअकरा. आई पाणी प्यायला उठली, माझ्यामागे उभी राहिली.

‘काय करून राहिला रे अजून?’

‘पाय ना, किती साफ झालं.’

ती खाली वाकून बघत राहिली. मारबत गेली, बडगे गेले, बाबा आले आणि गेले.

‘त्या दिवशी पाणी होतं ना रे?’

होतं. मी भिजलो होतो, चौदा वर्षांचा होतो, संध्याकाळी ताप भरला म्हणून आईनंच काढा पाजला होता. फ्रेम थांबवून दोन्ही फायली शेजारी लावल्या. पहिल्या फाइलीत बारीक तिरप्या रेघा. दुसरीत एकही नाही. गाळणीच्या लेखी क्षणात येऊन क्षणात जाणारी बारीक रेघ म्हणजे खरखर. तिनं कॅसेटचा कचरा काढला आणि सोबत पाऊसही काढला. कोरड्या रस्त्यावर हजारो माणसं छत्र्या उघडून उभी होती.

गाळणी बंद केली.

डीइंटरलेसचा एक घोळ उरला होता, तो मात्र सोडवायलाच हवा होता. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेमा, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्धुकांची: विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी पुढच्या पन्नासाव्या सेकंदाच्या. काचेच्या जुन्या टीव्हीवर हे कळायचं नाही. संगणकावर मात्र हललेल्या प्रत्येक हाताला कंगव्याचे दात फुटतात. ते जुळवणाऱ्या एका प्रसिद्ध गाळणीचं नाव यादिफ. फोड केली तर अर्थ निघतो ‘आणखी एक डीइंटरलेस करणारी गाळणी’. ‘आणखी एक किराणा दुकान’ अशी पाटी लावणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही. तिच्यातच ‘बॉब’ म्हणून एक पर्याय आहे, तो दोन अर्धुकांच्या दोन वेगळ्या फ्रेमा करतो, सेकंदाला ५० होतात, आणि मिरवणूक पूर्वी टीव्हीवर वाहायची तशी वाहते. फाइल जरा वाढते. वाढू दे.

ह्या सगळ्या खटाटोपात, मी हिशेबनीस असूनही, मूळ हिशेब करायचा राहिला होता. तो भाचीनं पुण्याहून फोनवर करून टाकला. ‘मामा, एकतीस गुणिले चार जीबी म्हणजे सव्वाशे जीबी. तुझ्याकडे एक टीबीची डिस्क आहे ना? मग तू दाबतोयस कशाला?’

खरंच. सिंगल लेअर डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, आमच्या बहुतेक सीड्या चारच्या आसपास. अख्ख्या सीडीची हुबेहूब नकल एका फाइलीत काढता येते. किंवा मेकएमकेव्हीसारखं सॉफ्टवेअर चित्राला हात न लावता नुसतं वेष्टन बदलतं; एक जीबीच्या आतल्या तुकड्यांत फोडलेला माल एका पोत्यात भरून देतं. दाबायचं ते एवढ्याचसाठी, की ताईला पाठवायचं आहे, आईच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावायचा आहे, आणि जुन्या पद्धतीनं आखलेला पेन ड्राइव्ह चार जीबीहून मोठी फाइल घेतच नाही. म्हणजे जे मी इतके दिवस ‘जतन’ म्हणून करत होतो, ती वानगी होती. पोतं गोदामातच ठेवायचं असतं. बाबांनी वानगी दाखवून पोतं फेकून दिल्याचं मला तरी आठवत नाही. तेव्हा आधी ३१ हुबेहूब नकला, दोन डिस्कांवर, एक डिस्क ताईकडे. मग आरएफ २०.

बाजारातल्या सिनेमांच्या सीड्या मी ह्यात धरल्या नाहीत. त्याही होत्या पाच-सहा, मोझर बेअरच्या. २००७ च्या सुमारास ह्या कंपनीनं ३४ रुपयांत डीव्हीडी काढली तेव्हा इतवारीत पानठेल्यावरसुद्धा सिनेमे टांगलेले असत. २०१८ मध्ये ती कंपनीच अवसायनात निघाली, तिच्या कोऱ्या सीड्या मात्र आमच्या डब्यात अजून आहेत. सिनेमाच्या डीव्हीडीला बहुधा कुलूप असतं, सीएसएस म्हणतात. १९९९ मध्ये ते उघडलं गेलं, त्यात नॉर्वेतला योन योहानसेन हा पोरगेलासा मुलगा होता. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो सुटला. हँडब्रेक स्वतः ते कुलूप उघडत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आलं, हक्क डावलण्याच्या हेतूनं असं कुलूप तोडणं गुन्हा ठरवणारं. लग्नाच्या सीडीला कुलूप नसतं. दुसऱ्याच्या लग्नाची चोरी कोण करणार, असं तेव्हा शूटिंगवाल्यांना वाटलं असावं. ह्याच्याकडे पुन्हा येतो.

तीन सीड्या वाचेनात. बाबांच्या जुन्या मऊ धोतराचा तुकडा घेतला आणि पुसल्या, मधून काठाकडे सरळ. गोल गोल पुसलं तर ओरखडा वाचण्याच्या वाटेलाच समांतर पडतो आणि सलग माल नासतो. एक त्यानं सुधारली. दुसरी माझ्या ड्राइव्हला जमेना पण चुलतभावाच्या दुकानातल्या जुन्या संगणकानं, धडधडत, पाऊण तास घेऊन वाचली. यंत्रायंत्राची नजर वेगळी असते. तिसरी गेली. तिच्यावर मार्करनं नुसतं ‘घर’ लिहिलं आहे. घराचं काय, आता कळायचं नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘वास्तुशांतीची असंल.’ मग म्हणाली, ‘नाहीतर छपाई केली तेव्हाची.’ ती सीडी डब्यात परत ठेवली.

आणि मग ताईच्या लग्नाचा दुसरा भाग.

भाग १ म्हणजे हळद, सीमंतपूजन, अंतरपाटापर्यंत. भाग ३ म्हणजे पंगत आणि पाठवणी. भाग २ च्या खोक्यावर ताईचा फोटो, सीडीवर ताईचं नाव, शूटिंगवाल्याच्याच अक्षरात. लावली, वानगी म्हणून मधूनच, चाळिसाव्या मिनिटाला. सप्तपदी चालू होती. नवरी ताई नव्हती.

आधी वाटलं की मधे कोणा पाहुणीवर कॅमेरा गेला असेल. मग नवरदेव दिसला. तोही आमचा नव्हता. मागे जाऊन सुरुवातीपासून बघितलं. वेगळा मांडव, वेगळे लोक, वेगळी गाणी, आणि हृदयाच्या आकाराच्या चौकटीत, गुलाबाच्या पाकळ्यांतून फिरत फिरत येणारी ही वेगळीच दोघं. १ तास ५० मिनिटं. स्टुडिओत खोकी भरताना कोणाचा तरी हात चुकला, एवढीच गोष्ट. तो स्टुडिओ कधीच बंद झाला. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

चूक त्याची. पण अठरा वर्षं ती आमच्या कपाटात, आमच्या नऊवारींखाली होती आणि घरात कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे भाग २ कोणी कधी लावलाच नव्हता. आम्ही सगळे, दर वेळी, पहिला भाग लावून अंतरपाटापाशी चहाला उठत आलो. माझ्या त्या चोरट्या सॉफ्टवेअरनं वेगळं काय केलं होतं?

ताईला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हसायला लागली. ‘अरे, म्हणजे माझी सप्तपदी कोणाकडे आहे?’

आईनं ते अनोळखी लग्न पूर्ण बघितलं. दोन बैठकांत. माणूस ओळखीचं निघतं का म्हणून. पंगतीत वाढणाऱ्यांकडे बघून ‘काटोलाकडली माणसं दिसतात’ म्हणाली, कशावरून ते सांगता आलं नाही. एकदा ओरडली, ‘थांबव, थांबव! गुरुजी तर आपलेच होत.’ होते. तेच उपरणं, तीच घाई. पण गुरुजींना जाऊन सहा वर्षं झाली आणि त्यांच्या वह्या कोणी ठेवल्या नाहीत. त्यानंतर ती नवरीच्या आईकडे बघत राहिली. ती बाई सगळ्या लग्नात एकदाही बसलेली नाही. आईच्या हे लक्षात आलं, माझ्या आलं नव्हतं.

रात्री मी उरलेल्या सीड्या हँडब्रेकच्या रांगेत लावत होतो. हिचं काय करावं कळेना. फाइलीला नाव काय द्यावं तेही कळेना. इतवारीतली शटरं पडून गेली होती, खाली एक हातगाडी तेवढी कुरकुरत शहीद चौकाकडे चालली होती. आई दारात आली.

‘त्यांचं बी बरोबर उतरव हां,’ म्हणाली. ‘आपली त्यांच्याजवळ आहे.’

मग तीही रांगेत टाकली. आरएफ २०, गाळणी बंद.